दारावरची वळचण

हैदर सुतार गेला तेव्हा त्याच्या घराची वळचण एका फळीपुरती उघडीच होती. छपराचं टोक भिंतीबाहेर दीड हात आलेलं. त्याच्या पोटाला खालून त्यानं सागाच्या फळ्या मारल्या होत्या. दरसाल मृगाआधी शिडी लावून तो एकेक फळी ठोकून बघायचा, तेल पाजायचा, कुजलेली बदलायचा. त्या साली दारावरची फळी काढली आणि दुसऱ्या दिवशी तापानं आडवा झाला तो उठलाच नाही.

त्याची बायको रहमतबी इद्दतीला बसली. विधवेनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. घर एका खोलीचं, मागं मोरी, दार एकच. खिडकीला लोखंडी गज.

पाऊस तिरपा आला की त्या फटीतून थेट भिंतीच्या माथ्यावर जायचा. आतून ओल उतरू लागली. आधी तळहाताएवढी, नागपंचमीपर्यंत दाराच्या कडीपाशी आली. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती, म्हणून रहमतबी दिवसभर तीच बघत बसायची. दार घासायला लागलं होतं.

दीर युसूफ हिंगोलीच्या पेठेत कापड विकायचा. दर शुक्रवारी दाणापाणी आणून द्यायचा. माणूस वाईट नव्हता, पण बाईच्या इद्दतीत घरावर कामकरी चढवायला धजत नव्हता. शिवाय महायुद्धामुळं बाजारात खिळेही मिळत नव्हते.

"चार लोक नावं ठेवतील, भाभी. इद्दत सरू द्या, मग बराबर करून घेऊ."

"भिंत तोवर थांबंल का?" तिनं पडद्याआडून विचारलं. तो पिशवी उंबऱ्यात ठेवून गेला.

शेजारची अनुसूया, पोस्टातल्या कारकुनाची बायको, खिडकीशी यायची. ती म्हणाली, आमचे हे शिडी लावतील. दिराच्या शब्दाबाहेर जायला नको म्हणून रहमतबीनं नको म्हटलं.

भादव्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दुपारी दारावरचं लाकूड कण्हल्यासारखं वाजलं. तुळईचं टोक खचलं, दार चौकटीत आवळलं गेलं. वरून माती झरू लागली. युसूफ नांदेडला गेलेला.

"माणसं बोलावते, दार फोडू," अनुसूया खिडकीतून म्हणाली.

"न्हाई. दाराला कुणी हात लावू नका. तुळई दारावरच टेकली हाय. दार गेलं की भिंत माझ्या अंगावर येती."

अनुसूया रडू लागली. रहमतबी मागं वळली. कोपऱ्यात हैदरची लाकडं आणि हत्यारं पडून होती. वीस वर्षं तिनं त्याला छपरं तोलून धरताना पाहिलं होतं. तिनं एक खांब मापानं कापला, तुळईखाली उभा केला, बुडाशी दोन्ही बाजूंनी पाचरी घातल्या आणि लाकडी मोगरीनं आळीपाळीनं ठोकत राहिली. हात सोलले. तुळई केसभर वर सरली. दार सुटलं.

बाहेर माणसं जमली होती. इद्दतीचे अजून सदतीस दिवस उरले होते. ती उंबऱ्याशीच थबकली.

"ये गं," अनुसूया म्हणाली.

रहमतबी बाहेर आली. माणसं बाजूला सरली. तिनं शिडी मागितली, डोक्यावरचा पदर आवळला आणि वर चढली. तुळईच्या टोकाला बोट लावलं तर ते आत गेलं, लाकडाचा नुसता भुसा झाला होता. जुन्या फळीचे वाकडे खिळे सरळ करून तिनं हैदरच्या लाकडांतली एक फळी ठोकली आणि फट बंद केली.

दुसऱ्या दिवशी युसूफ आला, खांब बघून तसाच मौलवींकडं गेला. परतला तो दारात बसला.

"घर पडत असलं तर बाहेर यायला मनाई न्हाईच, म्हणाले. मी आधी इचारलंच न्हाई, भाभी."

 तिनं पडद्याआडून सोनाजी सुताराला बोलवायला सांगितलं, तुळईला लाकूड कोणतं घ्यायचं तेही सांगितलं.

काम होईस्तोवर ती अनुसूयेकडं राहिली. परत येऊन उरलेले दिवस तिनं घरातच काढले. पण दिवसा दार कुणाला लावू दिलं नाही. नुसता पडदा सोडायची, आणि तो वाऱ्यानं उडाला तरी उठून सारखा करायची नाही.