रस्ता सांगणारी सवत

स्वतःच्या हाताने सवत निवडायला निघालेली बाई सहसा बघायला मिळत नाही. पण त्या दुपारी ती निघाली होती, आणि तीही नवऱ्याच्या शेजारी बसून, ठेवणीतले कपडे घालून, मनातल्या मनात गुणगुणत.

सवत म्हणजे रस्ता सांगणारं यंत्र. गाडीच्या काचेला चिकटवायचं, कुठे जायचं ते त्यात भरायचं, की ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगत राहतं. महिनाभराने दोघं परदेशात जाणार होती आणि तिथे भाड्याची गाडी घेऊन डोंगरातून हिंडणार होती. डोंगरात फोनला रेंज नसते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून नवऱ्याने यंत्र घ्यायचं ठरवलं. ते ऐकलं आणि कितीतरी वर्षांनी तिला प्रवासाला जावंसं वाटलं.

कारण आजवर ते यंत्र तीच होती. नवरा गाडी चालवायचा आणि ती मांडीवर नकाशा पसरून रस्ता सांगायची. सांगायची बरोबरच. पण हा आपल्याच बोलण्याच्या नादात असायचा, वळण निघून जायचं, आणि खापर फुटायचं नकाशा धरणारीच्या डोक्यावर. "वेळेवर सांगता येत नाही?" सांगितलं होतं म्हटलं, तर "मग मोठ्याने सांगायचं." मोठ्याने सांगितलं, तर "ओरडतेस कशाला?" एकदा पेट्रोल पंपावर रस्ता विचारताना तो हसत हसत म्हणाला होता, की आमच्या हिला नकाशा उलटा धरलाय हेसुद्धा कळत नाही. पंपावरचा माणूस हसला. मागच्या सीटवरची मुलंही हसली, आणि तिला लागलं ते मुलांचं हसणं.

नवरा दातांचा डॉक्टर होता आणि दवाखान्यात ती त्याच्या हाताखाली असायची. पेशंटशी बोलताना त्याच्या जिभेवर साखर. "थोडंसं दुखेल हं, घाबरायचं नाही, झालंच बघा." आणि त्याच दमात, आवाज जराही न चढवता, तिला: "हा चिमटा मागितला होता का मी? डोळे आहेत ना तुला?" आ वासून पडलेला पेशंट बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघायचा. त्याला तोंड मिटता येत नव्हतं आणि तिला उघडता.

घरातही त्याची एक पद्धत होती. निवड करायची तिने. भिंतीचा रंग, नळ दुरुस्त करणारा, सुट्टीतलं हॉटेल, सगळं "तू ठरव." चांगलं निघालं तर "मी म्हणतच होतो," आणि बिघडलं की एकच प्रश्न: "निवडलं कुणी?" नळवाला त्याच्याच ओळखीचा असायचा, हॉटेल त्याच्याच मित्राने सुचवलेलं असायचं. तिचा गुन्हा एवढाच, की फोन तिने लावलेला असायचा.

तेव्हा तिला सवत हवी होती. नवऱ्याच्या प्रेमात वाटेकरी नव्हे, प्रेमाचं कुठे काय उतू चाललं होतं? ओरडा खायला वाटेकरी. आपण खिडकीबाहेर बघत बसायचं आणि बोलणी दुसरीने खायची, इतकं साधं सुख तिला हवं होतं.

दुकानातला विक्रेता मधल्या वयाचा होता आणि बोलताना तोंडावर हात धरत होता. नवऱ्याने यंत्राकडे बघायच्या आधी त्याच्या जबड्याकडे बघितलं. "खालची दाढ ना? काढून टाका, पुढच्या दातांनाही लागण होईल." विक्रेता ओशाळला आणि त्याने काउंटरवर दोन यंत्रं मांडली, एक महाग, एक स्वस्त. मग आवाजाचा प्रश्न आला. पुरुषाचा हवा की बाईचा?

"पुरुषाचाच लावा," नवरा म्हणाला. "बाईचं ऐकायला घरात एक आहे, ती काय कमी आहे?"

विक्रेता हसला. माल विकायचा तर गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावंच लागतं.

"बाईचाच लावा," ती म्हणाली. नवऱ्याने चमकून बघितलं, कारण चारचौघांत त्याचं बोलणं खोडून काढायची तिची रीत नव्हती. "पुरुषाचा आवाज इंजिनाच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणतात," तिने ठोकून दिलं. खरं कारण वेगळं होतं. यंत्र पुरुषाच्या आवाजात बोललं, तर हा त्याला "हो साहेब, वळतो साहेब" करणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाईच्या आवाजावर मात्र तो तोंडसुख घेतल्याशिवाय राहायचा नाही. इतक्या वर्षांचा तिचा अनुभव होता तो.

महागडं यंत्र गाडीला लावून एक चक्कर मारायची असं ठरलं. विक्रेता मागे बसला. यंत्रातली बाई बोलायला लागली. गोड नाही, कडू नाही, स्वच्छ आवाज. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." नवरा विक्रेत्याला दाढ काढल्यावर काय काय खायचं नाही ते सांगत होता. "डावीकडे वळा," ती पुन्हा म्हणाली. वळण आलं, वळण गेलं.

ती पर्स घट्ट धरून बसली. तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बघ आता बाई, कसं लागतं ते.

यंत्र म्हणालं, "नवीन मार्ग शोधत आहे. पुढच्या चौकात डावीकडे वळा."

"अरेच्चा," नवरा म्हणाला. "चुकलं हं माझं." तो दवाखान्यातला आवाज होता, साखरेचा. "किती शांतपणे सांगते बघा," तो मागे वळून विक्रेत्याला म्हणाला. "त्रागा नाही, आदळआपट नाही." बोलता बोलता पुढचंही वळण हुकलं आणि तो चक्क हसला. "परत चुकलो बघ. सॉरी हं, सॉरी."

चुकलं माझं. हे दोन शब्द त्याला येतात हेच तिला माहीत नव्हतं. तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा त्याने असंच एक वळण चुकवलं होतं. दोघं पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. परतताना तो म्हणाला होता, "तू नीट सांगितलं असतंस तर भेट झाली असती." ते खापरही तिने डोक्यावर घेतलं होतं. पुढे तर खरंच आपण नीट सांगितलं होतं का, असंही तिला रात्री-अपरात्री वाटायचं. आणि आज एका डबीला तो दोनदा सॉरी म्हणाला, ओळख होऊन पाव तासही झाला नव्हता. तिला रडू आलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि गंमत म्हणजे तिला राग आला तो नवऱ्याचा नाही, त्या बाईचा.

दुकानापाशी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, "स्वस्तातल्यातही बाई हीच ना?"

"आवाज तोच," विक्रेता म्हणाला. "पण नकाशे..."

मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. "मी गाडी बाजूला घेतो. तू ठरव गं," नवरा म्हणाला. ती आणि विक्रेता उतरले.

काउंटरवर विक्रेत्याने अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. "स्वस्तातल्याचे नकाशे जुने आहेत, बाई. नवे रस्ते, नवे पूल काही नाही त्यात. इथे गावात चालून जाईल, पण तुम्ही परदेशात डोंगरात जाणार."

"म्हणजे ती चुकीचं सांगेल?"

"सांगणारच की. नको तिथे नेऊन सोडेल."

"हेच द्या," ती म्हणाली.

विक्रेता तोंडावर हात धरायचं विसरला. "बाई, अहो मी काय सांगतोय..."

"ऐकलं मी. हेच द्या. आवाज मात्र तोच राहू द्या."

परदेशातले पहिले दोन दिवस मोठ्या रस्त्यांचे होते आणि सवतीने एकदाही दगा दिला नाही. नवरा खुशीत होता. "काय म्हणतेस? उजवीकडे? बरं बाई," असं त्याचं चाललेलं. तिसऱ्या दिवशी खरेदीने फुगलेली मोठी बॅग डिकीत बसेना, तेव्हा त्याने ती पुढच्या सीटवर ठेवली. "तू मागे बस. नकाशा बघायला आता तू कुठे लागतेस?" ती मागे जाऊन बसली. आज ना उद्या ती बाई तोंडघशी पडणार होती, आणि तेवढ्यासाठी ती बॅगेच्या मागेही बसायला तयार होती.

त्याच दिवशी संध्याकाळी रस्ता झाडीतून खाली उतरायला लागला. डांबर उखडलेलं, मधेच गवत उगवलेलं. "पुढे जात राहा," सवत म्हणाली. रस्ता एका रुंद नदीत शिरून संपला. एका बाजूला धक्क्याच्या कुजक्या फळ्या उरल्या होत्या. "पुढे जात राहा," सवत पुन्हा म्हणाली.

नवऱ्याने ब्रेक मारला. काठावर एक म्हातारा जाळं सुकवत होता. नवऱ्याने खाली उतरून विचारलं, तेव्हा म्हाताऱ्याने मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, की इथून गाड्या नेणारी बोट केव्हाच बंद झाली. पूल वरच्या अंगाला, डोंगर ओलांडून पलीकडे. मग त्याने खिडकीतून आत वाकून यंत्र बघितलं, स्वतःच्या पांढऱ्या केसांना हात लावला, यंत्राकडे बोट दाखवलं आणि हसला. जुनं आहे.

नवरा गाडीत येऊन बसला. त्याच्या मानेची शीर तटतटली होती. ती शीर तिच्या ओळखीची होती. ती बॅगेच्या मागून पुढे वाकली. इतकी वर्षं वाट बघितल्यावर हे तरी नीट ऐकू यायला हवं होतं.

त्याने यंत्राची काच अंगठ्याने पुसली. "या बिचारीचा काय दोष?" तो म्हणाला. "हिच्यात जे भरलंय तेच ही सांगणार." मग त्याने आरशातून मागे बघितलं. आवाज जराही चढला नव्हता. "दुकानात नव्या नकाशांचं होतं ना? हे निवडलं कुणी?"

तिने तोंड उघडलं. या प्रश्नाला तिच्याकडे नेहमीच उत्तर असायचं, ते ती गिळून टाकायची एवढंच. नळवाला तुमचा होता, हॉटेल तुमच्या मित्राचं होतं, वळण तुम्ही चुकवलंत, माझे वडील तुमच्यामुळे मला भेटले नाहीत. आज शोधूनही तिला काही सापडेना. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो खरं बोलत होता.

"मी," ती म्हणाली.

"मग," तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

"शक्य होईल तिथून मागे वळा," सवत म्हणाली.

"हो गं," नवरा हळुवारपणे म्हणाला, "वळतो."