राहिलेला कंस

आमच्या चौघांचा शोधनिबंध एक कंस चुकला तरी पीडीएफ अडवणाऱ्या ऑनलाइन एडिटरमध्ये लिहिला जात होता. म्हणजे लिहीत मी होते. सर आणि त्यांचे दोन लाडके विद्यार्थी नुसते कर्सर फिरवायचे.

आज सरांचा फोन आला. "अगं, पीडीएफच तयार होत नाहीये. आम्ही तिघांनी डोकं फोडून घेतलं. तुझाच हात लागायला हवा."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. फाइल उघडली. चूक दाखवणारी लाल खूण लेखकांच्या नावांपाशी होती. माझं नाव खोडताना मेल्यांकडून एक कंस तसाच राहून गेला होता.

माझी डिग्री सरांच्या सहीवर अडकलेली. मी मुकाट्यानं कंस पुसला. पीडीएफ झाली, तिघांची नावं मधोमध सुबक बसली.

"शाब्बास!" सर म्हणाले. "म्हणून तर शेवटच्या पानावर तुझे आभार मानलेत."