रिकामी चुंबळ

आजाराला नाव डॉक्टर देतात आणि नंबर मी. हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात माझं हेच काम: डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्या आजाराचा जगभर चालणारा कोड कॉम्प्युटरमध्ये भरायचा. मनाच्या आजारांचे कोड एफ अक्षराने सुरू होतात, नसांचे आणि मेंदूचे जी अक्षराने. तेवढ्या एका अक्षरावर सरकारी योजनेची मंजुरी अडते नाहीतर सुटते. त्यामुळे या खुर्चीत भोळं राहून चालत नाही, आणि भोळी मी कधीच नव्हते.

शिरड शहापूरकडच्या सत्यभामाबाई आल्या तेव्हा त्यांची हनुवटी डाव्या खांद्याला टेकली होती. जोर लावून त्या मान पुढे आणायच्या, ती थरथरायची आणि परत तिकडेच जायची. मेंढरं राखणारं घर. सोबत नवरा रखमाजी, डोक्याला पटका, हातात जुने कागद. दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यात बाईंच्या नावापुढे एफचा कोड पडला होता, म्हणजे मनाचं दुखणं. त्यापायी मानेच्या इंजेक्शनला मंजुरी नाकारली गेली होती.

आमच्याकडे महिन्यातून एकदा मेंदूच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम येतात. त्यांनी मान चाचपली आणि मला म्हणाल्या, "साधना, मला हा डिस्टोनिया वाटतोय. मेंदू स्नायूंना चुकीचा हुकूम सोडतो आणि मान आपोआप पिळते." मग बाईंना विचारलं, "काही केल्यावर मान सरळ होते का? हात लावून, टेकून बसून?"

सत्यभामाबाईंनी तोंड उघडलं. रखमाजी खाकरले.

"न्हाई मॅडम," तेच म्हणाले. "कशानंच न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग आधी नांदेडला तपासण्या करून या. एफ खोडून जी लिहायचं तर माझ्याकडे कारण पाहिजे."

दोघं उठून गेली. थोड्या वेळाने मी चहाला बाहेर पडले आणि जागीच थांबले. आवारात सत्यभामाबाई चालल्या होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गाठोडं आणि मान अगदी सरळ. पाण्याला निघालेल्या कुठल्याही बाईची असते तशी.

माझं टाळकंच सरकलं. इतकं धडधडीत सोंग, तेही माझ्या डोळ्यांदेखत.

"काय हो बाई, दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या की मान बरी होते वाटतं?"

त्यांनी गाठोडं उतरवलं, चुंबळ काढली. काढल्या काढल्या हनुवटी खांद्याकडे ओढली गेली.

"झालं आता," रखमाजी म्हणाले. "हे बी लिहा. मागच्या दवाखान्यात आमी खरं सांगितलं होतं. डोईवर भारा असला की मान बराबर राहती, उतरवला की फिरती. ते हासले. म्हणले, मंग ढोंगच हाय की. गावात बी तेच म्हणतेत, कामात आठवत न्हाई न् चार माणसांत बसली की मान वाकडी. म्हणून आज म्याच म्हणलो हिला, बोलू नको."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण मी तेव्हा तावात होते. चोर पकडल्याच्या थाटात दोघांना मॅडमपुढे नेऊन उभं केलं आणि सगळं सांगितलं.

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "गाठोडं राहू द्या. नुसती चुंबळ ठेवा."

सत्यभामाबाई लाजल्या. "भाऱ्याबिगर चुंबळ कोन ठेवतं वं? येडी म्हणतील लोक."

तरी ठेवली. जुन्या लुगड्याचं पिळलेलं कडं ते, त्याला वजन ते काय असणार? मान हळूहळू खांद्यापासून सुटली, पुढे आली आणि थांबली.

"आता काढा. डोळे मिटा. चुंबळ डोक्यावरच आहे, असं फक्त मनात आणा."

मान थरथरली, निम्मी पुढे आली आणि तिथे क्षणभर टिकली. डोक्यावर काहीच नव्हतं. मी हजारो कोड भरले असतील, पण माणसाचं शरीर एवढं अजब असतं हे मला त्या दिवशी कळलं.

"याला म्हणतात पुरावा," मॅडम हळूच म्हणाल्या. "हा आजार स्पर्शाला, स्पर्शाच्या नुसत्या आठवणीलाही असाच फसतो. ढोंग नाही हे."

"म्हणून तर दिसभर काई ना काई डोईवर घेऊन राहते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सरपन, पानी. काईच नसलं तर टोपल्यात दगडं."

रखमाजी बायकोकडे बघत राहिले. "म्या समजलो, तुला कामाची हौस."

मॅडम सांगत गेल्या, मी टाइप केलं: डोक्याला स्पर्श झाल्यावर मान सरळ होते. जुना कागद आता नीट वाचला तर त्यावरही हेच वाक्य होतं, आणि त्यावरूनच त्यांना खोटं ठरवलं होतं. मी एफ खोडला आणि जी चोवीस पॉइंट तीन भरलं. जगात कुठेही हा आकडा वाचला तरी कळेल, या बाईची मान खरंच वळते. एरवी बटणं बडवणारे माझे हात त्या दिवशी जपून चालले.

"इंजेक्शननी आराम पडेल," मॅडम म्हणाल्या. "दर काही महिन्यांनी घ्यावं लागेल. आता मंजुरी अडू नये."

मी त्यांना बाहेरपर्यंत सोडायला गेले. रखमाजींनी गाठोडं उचलून आपल्या पटक्यावर ठेवलं. सत्यभामाबाई हातात चुंबळ घेऊन घुटमळत होत्या.

"ठेव की डोईवर."

"लोक हासतील ना."

"हासू दे. भारा माझ्या डोईवर, चुंबळ तुझ्या. जमलं की बराबर."

त्यांनी चुंबळ ठेवली आणि भर दुपारच्या रस्त्यावरून स्टँडकडे निघाल्या. पानटपरीवरची माणसं बघायला लागली, एक जण हसलाही. त्या थांबल्या नाहीत. वळणावर मात्र थांबल्या आणि मान फिरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या खेपेला ती त्यांनी स्वतः फिरवली होती.