जेवणाची हाक

कार्तिकातल्या संध्याकाळी कापलेल्या धानाचा ओलसर गंध अंगणात उतरला, की त्याच्यामागोमाग आईची हाक यायची. एकोडीचं आमचं घर ऐसपैस. स्वयंपाकघरातून निघालेला तिचा स्वर ओसरी ओलांडून, मागच्या परसातली सांदवाडी ओलांडून, थेट धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या बाबांपर्यंत पोचायचा. "रंजूऽऽ, जेवाले या जी." रंजू मी, तिची एकुलती लेक, पण ते 'या जी' बाबांसाठी असायचं. नवऱ्याचं नाव ती जन्मात घेणार नव्हती, म्हणून माझ्या एका नावावर दोघांचं भागायचं. मी बहुतेक वेळा तिच्या पायाशीच बसलेली असे, आणि तरी माझ्या नावाने सारं शिवार दुमदुमे. मला त्याचा केवढा तोरा होता!

काकांशी वाटणी झाली, घर त्यांच्याकडे गेलं, आणि आम्ही साकोलीत टिनाच्या दोन खोल्यांत आलो. पहिल्याच सांजेला आईने सवयीने हाक दिली, तर भिंतीपलीकडची शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. आई ओशाळली. त्या दिवसापासून ती मुकाट्याने ताटं वाढू लागली. मी विचारलं, तर म्हणाली, "आता कोनाले हाका मारू बाई? हात लांब केला तं सारेच हाताले लागते." ती हसली खरी, पण तिच्या गळ्यातलं ते दूरगामी आर्जव दिवसेंदिवस विझत चाललेलं मला कळत होतं. त्या घराचा मला राग आला तो त्यासाठी.

मग बाबांनी एक विचित्र सवय लावून घेतली. भात उतरला, की ते उठून घरासमोरच्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसत. ऐन जेवणाच्या वेळी यांना कुठून पाय फुटतात, म्हणून आई चरफडे. आणि शेवटी पदर सावरत, शेजाऱ्यांची लाज गुंडाळून ठेवून, उंबऱ्यात येऊन हाक देई. पाण्यावरून जाताना तो स्वर पुन्हा पूर्वीसारखा लांब, मोकळा होई. एकदा मी बाबांना छेडलंच. ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "घरात बसलो तं तुही माय मले हाक कायले देईन?"

आई गेली त्याला आता वर्ष होत आलं. परवा मी सासरहून आले होते. भात उतरला, ताट वाढलं, आणि बाबा पाळीवर. उंबऱ्यातून 'बाबा, बाबा' करून मी थकले; ते हलेनात. त्यांना ऐकू येत होतं, हे मला ठाऊक होतं. मग माझ्याही नकळत, आईच्याच हेलात, मी माझंच नाव पुकारलं.

"रंजूऽऽ, जेवाले या जी."

बाबा उठले. त्यांनी धोतर झटकलं आणि मावळत्या उजेडात सावकाश पाळ उतरू लागले. ते येईपर्यंत मी उंबऱ्यातच उभी राहिले. काळ माणसं नेतो, घरं धाकटी करतो. या दोन खोल्यांत आई आता कुठेच नाही, पण पाळीपासून उंबऱ्यापर्यंतच्या तेवढ्या वाटेवर ती अजून आहे.