न कोसळलेला उतार

मेल्याहून मेल्यासारखं झालं मले. आमचा शाम फौजेत हवालदार, तिकडं काश्मिरात, बर्फाच्या डोंगरावर. तांड्यात मी कशी नाक वर करून फिरो! आन् तो सुट्टीवर यायच्या आधीच बातमी येऊन धडकली. गस्तीच्या पोरांले घेऊन एका उतारावर जायाले शामनं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी त्याच उतारावरून गेली, परत आली, चहा प्याली. कुठं काही कोसळलं नाही.

हापशीवर धुरपताबाई साऱ्यांसमोर म्हणे, "मानीबाई, तुह्या पोरानं माह्या पूनमलेबी भेकड केलं वं!" तिचा पूनमसिंग शामच्याच हाताखाली. मी हंडा अर्धाच भरून घरी आली.

शाम आला त मी त्याले धड जेवूबी देल्लं नाही. "काहून नाही गेला रे?"

भाव पडलेला, म्हणून सारा कापूस घरातच रचून होता, पार आढ्यापर्यंत. शामनं त्यात कोपरापर्यंत हात घातला. "याडी," आमच्यात मायले याडीच म्हणतेत, "हे पाय. पहिल्या वेच्याचा कापूस खाली दबून बसला. त्यावर नवा टाकला, तो फुगलेला. दोघांनी एकमेकाले धरलंच नाही." त्यानं जरासा रेटा देल्ला, त वरचा थर सरकन खाली आला, उंबरठ्यापर्यंत. "बर्फाचं असंच राह्यते. मी खड्डा खणून पाह्यला होता. वाऱ्यानं वर नवा बर्फ आणून टाकलेला, आन् पाय देल्ला की आतून धप्पकन आवाज ये. तिथं पोरं कायले नेऊ?"

"पण कोसळलं का?"

"नाही."

"मंग!" मी कडाडली. "तांड्यात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली मले. यापरीस..." पुढं जे बोलली, ते कोणती माय बोलत नाही. सुट्टीभर तो घराबाहेर पडला नाही.

आज सकाळी बॅग भरता भरता म्हणे, "याडी, आता नाही म्हणणार नाही मी. उतार कसाबी असो, पोरं घेऊन जाईन. तुले मान खाली घाला लागणार नाही."

मी त्याची भाकर फडक्यात बांधली, गाठ सोडली, परत बांधली.

फाट्यावर सारा तांडा जमला. धुरपताबाईनं पूनमसाठी लाडवाचा डबा देल्ला. "माह्या पोरावर ध्यान ठेवजो बाप्पा," म्हणे. हापशीवर तोंड सोडणारी तीच ही! शामनं डब्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, आन् बशीत चढला.

बस हालली तशी मी धावली. गेली लाज चुलीत! खिडकीवर हात मारून बोंबलली, "शाम! खड्डा खणूनच पायजो! मन नाही म्हणलं त माघारी फिरजो! भेकड म्हणू दे साऱ्यांले, मी भेकडाची माय म्हणून राहीन!"

बशीतले सारे वळून पाहाले लागले. शामचं तोंड लालभडक झालं.

"याडी, चूप ना. लोक पाहून राह्यले," म्हणे, आन् त्यानं खिडकी लावून घेतली.