बिननावाचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी भांडी एकदा उलटीसुलटी करून पाहा. कुठल्या तरी काठावर आजोबांचे नाव, लग्नाची तारीख, नाहीतर ‘मामाकडून भेट’ असे काहीतरी ठिपक्याठिपक्यांनी घातलेले सापडेल. माझ्या काठावर काहीच नाही. ते नाव का नाही, आणि या श्रावणात ते घातले जाता जाता कसे राहिले, एवढेच मला सांगायचे आहे.

तांबटाने मला तापवले, ठोकले, पुन्हा तापवले आणि पुन्हा ठोकले. अंगावरच्या त्या ठोक्यांच्या खुणा अजून मोजता येतील, इतक्या स्पष्ट आहेत. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून मला दोघांनी मिळून विकत घेतले. एक चनबसप्पा, मंगळवेढ्याच्या ज्वारीचे आडते. दुसरे लालसाब, चादरींच्या कारखान्यातले मुकादम. दोघांची घरे बाळीवेशीमागच्या एकाच बोळात, चार दारांच्या अंतरावर. चनबसप्पांना श्रावणातल्या दासोहाला, म्हणजे सगळ्या बोळाच्या जेवणाला, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवायला मोठे भांडे हवे होते. लालसाबना मोहरमच्या दहाव्या दिवशी गुळाचे सरबत करायला हवे होते.

दुकानदाराने विचारले, “नाव कुणाचं घालू?”

“लालसाबचं घाला,” चनबसप्पा म्हणाले.

“छे, छे. मालकांचं घाला,” लालसाब म्हणाले.

“आधी दोघं ठरवून या,” दुकानदार वैतागला. ते त्यांचे शेवटपर्यंत ठरले नाही. म्हणून माझा काठ कोरा राहिला.

माझ्याबाबत बोळात दोन नियम होते. पहिला लालसाबनी स्वतःच घातला. “हमारी देग अलग. इस हंडे में गोश्त कभी नहीं पकेगा,” असे ते म्हणाले आणि तसेच झाले. दुसरा नियम तुमच्याही घरी असेल. कुणाचे भांडे रिकामे परत करायचे नाही. मोहरमला मी चनबसप्पांच्या घरून निघे, तेव्हा माझ्या पोटात गुळाची ढेप असे. श्रावणाआधी लालसाबच्या घरून परत येई, तेव्हा निवडलेला खपली गहू असे. म्हणजे मोहरमचे सरबत लिंगायताच्या गुळाचे आणि दासोहाची हुग्गी मुसलमानाच्या गव्हाची. कल्हईवाला बोळाच्या तोंडाशी भाता लावून दोन्ही वेळा मला आतून चांदीसारखा करी.

यावरून सगळे फार गोड होते असे समजू नका. चनबसप्पांची सून दानम्मा वळसंगहून नवी नवरी होऊन आली, तेव्हा लालसाबच्या घरून परत आल्यावर तिने मला चिंच आणि राख लावून दोनदा घासले. लालसाबची सून चांदबी दारातून बघत होती. पुढच्या वर्षी तिने मला स्वतःच लख्ख घासून पाठवले आणि मागोमाग येऊन म्हणाली, “दानम्मा, चिंच मैंने भी लगाई है. अब तू घासेगी तो पेंदा जाएगा, फिर हुग्गी जमीन पे पका.”

दानम्माला आधी लाज वाटली आणि मग हसू आले. चिंचेचा गोळा तिने आमटीत टाकला.

चांदबीच्या मनातही आडकाठी होती. देवापुढे ठेवलेला नैवेद्य तिला चालत नसे. दानम्माच्या सासूला फातेहाची दुआ वाचलेले सरबत चालत नसे. यावर कुणी भाषण केले नाही. दानम्मा नैवेद्य दाखवण्याआधी हुग्गीची एक पातेली बाजूला काढू लागली आणि चांदबी फातेहाच्या आधी सरबताचा एक तांब्या. कुणी आपला देव सोडला नाही आणि कुणी दुसऱ्याला उपाशी ठेवले नाही. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी सगळ्यात मोठे काही पाहिले असेल, तर ती बाजूला काढलेली पातेली.

चनबसप्पा गेले, लालसाब गेले. आता भाड्याने स्टीलची पातेली मिळतात, त्यांना कल्हई लागत नाही. मी वर्षातले दोन दिवस सोडले तर जिन्याखाली पालथा पडून असतो. माझ्यावर खोकी ठेवतात, ओल्या छत्र्या टाकतात. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. त्या दोन दिवसांसाठी मी काय वाटेल ते सोसले असते.

यंदाचा मोहरम नेहमीसारखाच झाला. मी चांदबीच्या ओसरीवर होतो. सरबत वाटून झाल्यावर दोन-तीन दिवसांनी दानम्माचा मुलगा महेश्वर आला. तो जुळे सोलापूर या नव्या भागात फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी करतो आणि दासोहाची व्यवस्था अलीकडे बोळातल्या मंडळातर्फे तोच बघतो. चांदबीचा मुलगा दस्तगीर रिक्षा पुसत होता.

“दस्तगीरभाई, राग मानू नका,” महेश्वर चप्पल न काढताच म्हणाला. “यंदा हंडा तेवढा पाठवा. गहू नको.”

“का हो, अण्णा? किडका निघाला का?”

“तसं नाही. मंडळातले काही जण म्हणतात, त्या घरचा गहू असेल तर आम्ही जेवणार नाही. ग्रुपवर रोज तेच चाललंय. मी कुणाकुणाच्या तोंडाला लागू?”

दस्तगीर फडके पिळत राहिला. “बरं,” एवढेच म्हणाला. आत चांदबी सुपात गहू पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. त्या मायलेकांना वाटले, हे दानम्मानेच सांगून पाठवले. महेश्वरने आईचे नाव घेतले नव्हते, पण ‘अव्वाला हे माहीत नाही’ असेही तो बोलला नव्हता. मी सगळे ऐकले होते. मला तोंड आहे, ते इतके रुंद आहे, आणि त्यातून एक शब्द निघत नाही.

श्रावणाआधी दस्तगीरने मला रिक्षात घालून दानम्माच्या दारात उतरवले. कडी माझ्या अंगावर आपटत होती. भरलेल्या भांड्याची कडी वाजत नाही, असे नाही. पण त्या दिवशीचा आवाज मला सहन होईना. दानम्मा बाहेर आली. तिने सवयीने माझ्यात हात घातला. हात थेट तळाला लागला.

“गहू कुटं हाय रे, दस्तगीर?”

दस्तगीरने मान खाली घातली. “काकी, घाई आहे. पॅसेंजर थांबलंय,” म्हणाला आणि निघून गेला.

दानम्मा बराच वेळ माझ्या काठाला धरून उभी होती. आमच्या बोळात रिकामे भांडे परत आले, की त्याचा अर्थ एकच. संबंध संपला. आठवडाभर ती चांदबीच्या दारावरून मान वळवून गेली आणि चांदबीने दार लोटून घेतले. दोघीही रागाने नाही, लाजेने.

मग महेश्वर नाव घालणाऱ्याला घेऊन आला. त्या माणसाने माझा काठ धोतराच्या सोग्याने पुसला आणि मशिनची वायर खिडकीतून आत दिली.

“हे काय चाललंय?” दानम्माने विचारले.

“अव्वा, याच्यावर मंडळाचं नाव घालून टाकू. नाव नाही म्हणून कुणीही नेतं. एकदा नाव पडलं की प्रश्न मिटला.”

“कसला प्रश्न?”

“हेच. इकडं-तिकडं जाण्याचा.”

मशिनची सुई सुरू झाली. तिची थरथर काठाला लागण्याआधीच मला जाणवली. नाव पडले असते तर मी फुटलो नसतो, गळलो नसतो. फक्त एका दाराचा झालो असतो.

“थांब की जरा,” दानम्मा नाव घालणाऱ्याला म्हणाली. “रिकामा का आला, ते मी अजून तिला विचारलं न्हाय. आधी इचारते, मग नाव घाल न्हायतर आग लाव.”

“अव्वा, कशाला जातेस? बोळातले लोक बघतील.”

“बघू देत की. हंडा उचल.”

“मी?”

“मग काय मी उचलू? माझे गुडघे गेलेत, तुझे हायत.”

महेश्वरने एक कडी धरली, नाव घालणाऱ्याने दुसरी. चार दारे ओलांडून त्यांनी मला चांदबीच्या ओसरीवर ठेवले. दानम्माने दार वाजवले नाही, ढकलले.

“चांदबी! रिकामा का धाडलीस गं?”

चांदबी उंबऱ्यात आली. “मेरेकू पूछती? तूच बेटे को भेजी ना, गहू नक्को बोलके?”

दानम्माने मुलाकडे पाहिले. महेश्वर माझ्या पेंद्याकडे बघू लागला. तिथे बघण्यासारखे काही नव्हते.

“मी न्हाय धाडलं,” दानम्मा म्हणाली. “आणि तू गं? मी असं सांगून धाडीन व्हय? येऊन भांडायचं न्हाय का?”

“भांडने को भी हिम्मत लगती,” चांदबी म्हणाली. “आजकल लगती.”

मग दानम्माने विचारले, “गहू निवडलाय का?”

“कधीचाच.”

“घाल.”

“अव्वा, ऐक,” महेश्वर म्हणाला. “ते खरंच जेवणार नाहीत. मी खोटं नाही सांगत.”

“नकोत जेवू. त्यांच्यासाठी आपल्या घरच्या गव्हाची एक पातेली वेगळी शिजवते. चांदबीला इतकी वर्षं काढून ठेवली, त्यांना बी ठेवीन. उपाशी कुणी जायचं न्हाय. पण हंडा रिकामा जायचा न्हाय.”

गहू माझ्यात पडला. तो आवाज मी तुम्हाला कसा सांगू?

दासोहाच्या दिवशी तसेच झाले. मोठी हुग्गी माझ्यात शिजली. शेजारच्या चुलीवर एक लहान पातेली होती. सगळे सुधारले, असे मी सांगणार नाही. मंडळातले काही जण त्या लहान पातेलीतलेच जेवले. दानम्माने त्यांना तूपही तितकेच वाढले आणि टोमणा मारला नाही. नैवेद्याआधी काढलेली चांदबीची पातेली मात्र यंदा दानम्माने नेली नाही. महेश्वरला हाक मारून त्याच्या हातात दिली. तो चार दारे चालत गेला. परत आला तेव्हा त्याच पातेलीत चांदबीने शेंगाची चटणी भरून दिली होती.

आता मी पुन्हा जिन्याखाली आहे, पण पालथा नाही. महेश्वरने मला सरळ ठेवले आहे आणि वर झाकण टाकले आहे, म्हणजे मोहरमला गूळ घालताना धूळ झटकायला नको. माझा काठ अजून कोरा आहे. नाव घालणाऱ्याने मशिनची वायर गुंडाळताना विचारले होते, “मग नाव कुणाचं घालू?” दानम्मा म्हणाली होती, “अजून ठरायचंय.”

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी शेजारचे भांडे आले असेल, तर ते रिकामे परत देऊ नका. आणि तुमचे कधी रिकामे परत आले, तर मान वळवून जाऊ नका. ते उचला, त्या दारात न्या आणि तोंडावर विचारा, रिकामे का आले. आम्हा भांड्यांना ते सांगता येत नाही. तुम्हाला येते.