हरणाच्या मानेवरची रेघ

"आजोबा, जरा मोठ्याने बोला. सही का केली नाहीत?"

"कारखान्याचा मालक करू देत नव्हता. म्हणायचा, गवंडी भिंतीवर सही करतो का?"

संग्रहालयाच्या तज्ज्ञ बाईंनी मान डोलावली. टेबलावर हिरव्या कापडावर रायफल आडवी होती. साठ वर्षांपूर्वी कुणा धनिक शिकाऱ्याने खास बनवून घेतलेली. चापाच्या वरच्या बाजूला पोलादी पट्टी, आणि पट्टीवर कोरलेलं हरीण. मान वळवून मागे पाहणारं.

कार्डाचा मजकूर, आत्तापर्यंत:
खास बनावटीची रायफल. नक्षीकाम: अज्ञात.

कार्डाचा मजकूर, म्हाताऱ्याच्या मुलीच्या डोक्यात:
खास बनावटीची रायफल. नक्षीकाम: बाबा. आडनावासकट.

त्यासाठी तिने सहा पत्रं लिहिली होती. सातव्यापर्यंत बाबा टिकतील याची तिला खात्री नव्हती. संध्याकाळी दालन उघडणार होतं.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "मानेवर ही रेघ का काढलीत?"

हरणाच्या मानेभोवती बारीक रेघ होती. केस घासून गेल्यासारखी. या रेघेवर बाईंनी पुस्तक लिहिलं होतं. अख्खं. मुलीने ते वाचलं होतं आणि बसमध्ये बाबांना दोनदा समजावलं होतं. रेघ म्हणजे मृत्यूचा फास. मोकळ्या जनावराच्या गळ्यात, त्याला न दिसणारा. एवढंच म्हणायचं, बाबा. फास.

म्हातारा हरणाकडे वाकला.

"बाबा, सांगा ना."

"दोरीचा वळ आहे तो," म्हातारा म्हणाला. "शेजाऱ्यांची शेळी होती, खुंट्याला बांधलेली. मी हरीण कुठं बघितलंय? शिंगं कॅलेंडरवरून घेतली, बाकी शेळी. समोर वळ दिसला, तोही कोरला गेला. मालकाला कळलं नाही. गिऱ्हाइकालाही नाही."

"शेळी," बाई म्हणाल्या.

"गुणी होती. तासन्‌तास उभी राहायची. हिची आई पाच मिनिटं राहिली नाही कधी."

कोणी हसलं नाही.

"आयुष्यभर खरं बोलून काय दिवे लावलेत?" मुलगी दातओठ खात पुटपुटली.

"अगं, शेळीला शेळी म्हणालो."

"कुणीही काहीही म्हणेल," बाई म्हणाल्या. "पुरावा काय?"

"पट्टी काढा. मागच्या अंगाला आधी हात बसवला होता. शेळीच आहे."

बाईंनी दोन स्क्रू काढले. पट्टी उलटी केली. भिंग धरलं.

खुंटा.
दोरी.
शेळी, मान वळवून मागे पाहणारी. मानेवर रेघ.

मुलगीही वाकली. तिलाही दिसलं. तिने बाबांचा खांदा घट्ट धरला.

"पटलं ना आता?"

"पटलं," बाई म्हणाल्या.

"मग नाव..."

"नाव नाही. पटलं म्हणूनच नाही. संध्याकाळी लोक फास बघायला येणार आहेत. शेळी बघायला कोण येईल?"

"पण कोरलं बाबांनी."

"आजोबांनी समोरची शेळी उतरवली. कारागीर आहेत, चांगले आहेत. ही रेघ कलावंताची आहे."

"अहो, माणूस एकच आहे."

"असेल. कार्डावर एकच मावतो."

"मी बाहेर सगळ्यांना सांगेन."

"सांगा. पट्टी कोण उघडून दाखवणार?"

हे बाई शांतपणे म्हणाल्या, कँटीनमधून चहा मागवावा तशा.

कार्डाचा मजकूर, छापायला गेलेला:
खास बनावटीची रायफल. नक्षीकाम: अज्ञात महान कलावंत.

मग त्यांनी पट्टी जागेवर ठेवली. शेळी आत गेली. एक स्क्रू बसला. दुसरा बसला.

"थांबा, बाई."

बाई थांबल्या. मुलीने बाबांकडे पाहिलं. आता ते काहीतरी बोलतील. साठ वर्षांचं काहीतरी.

"दुसऱ्या स्क्रूची खाच तिरपी राहिली," म्हातारा म्हणाला. "नळीच्या रेषेत यायला हवी. आम्ही अशी सोडत नसू."

"बाबा, राहू दे ना. चला."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. बाईंनी जरा विचार करून त्यात स्क्रूड्रायव्हर दिला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट स्थिर धरलं. अर्धा पीळ दिला. जास्त झाला. अंमळ मागे घेतला.

खाच सरळ झाली.

मग पट्टीच्या सांध्यावरून त्याने अंगठ्याचं नख फिरवून पाहिलं. कुठेच अडकलं नाही.